डबा विकत घेण्यापूर्वी: मैदानावरच्या मुलामुलींसाठी पूरक आहाराचा हिशेब

दिवाळीच्या आसपास कापसाचे पहिले पैसे घरात येतात आणि त्याच सुमारास गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पहाटे पाचला पळणाऱ्यांची संख्या वाढते. कोणाला पोलीस भरतीची धाव गाठायची असते, कोणाला तालुक्याच्या कबड्डी संघात शिरायचे असते, तर एखादा आखाड्यातला असतो. गेली काही वर्षे मी या मुलांकडून सकाळचा सराव करून घेतो. दर हंगामात पहिल्याच आठवड्यात कोणीतरी मला बाजूला घेऊन विचारतो, “सर, डबा कोणता घेऊ?” डबा म्हणजे प्रथिनांची पावडर, हे इकडे आता कोणाला समजावून सांगावे लागत नाही. या प्रश्नाला मी ताबडतोब उत्तर देत नाही, कारण डबा घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी चार-पाच गोष्टी तपासाव्या लागतात आणि त्या तपासल्यावर बहुतेकांचा डबा आपोआप रद्द होतो. ती तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे पुढे सविस्तर दिले आहे.

आधी वही, मग दुकान

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावण्यासाठी २० गुण, १०० मीटरसाठी १५ आणि गोळाफेकीसाठी १५ असे एकूण ५० गुण असतात. मुलींना १६०० मीटरऐवजी ८०० मीटर धावायचे असते. या तिन्ही प्रकारांत शरीर वेगवेगळ्या साठ्यातून ताकद काढते. गोळाफेक हा एका झटक्याचा खेळ आहे. १०० मीटरची धाव पंधरा सेकंदांच्या आत संपते, आणि या दोन्हींत स्नायूंमध्ये आधीच साठलेले क्रिएटिन फॉस्फेट कामी येते. १६०० मीटर मात्र पाच-सहा मिनिटे चालते. तिथे श्वास, रक्त आणि स्नायूंत वाढत जाणारी आम्लता यांचा कस लागतो. कबड्डीत तीस सेकंदांची चढाई असते आणि तसे झटके चाळीस मिनिटे पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. म्हणून “ताकद वाढवणारे” असे एकच द्रव्य सर्वांना लागू पडत नाही, आणि आपल्याला नेमके काय सुधारायचे आहे हे ज्याने लिहून ठेवलेले नाही, त्याने पैसे खर्च करू नयेत.

शंभर पानी वही घ्यावी आणि दोन आठवडे फक्त नोंदी कराव्यात: सकाळी शौचानंतरचे वजन, रात्रीची झोप किती तास, त्या दिवशीची वेळ किंवा गोळ्याचे अंतर, आणि दिवसभरात खाल्लेले सर्व काही, चहासकट. या नोंदींचे कारण असे की, नव्याने सराव सुरू करणाऱ्याची वेळ पहिले आठ-दहा आठवडे नुसत्या सरावानेही सुधारत जाते. त्याच काळात डबा सुरू केला तर सगळे श्रेय डब्याला मिळते आणि दुसरा डबा येतो.

ताटातली प्रथिने मोजणे

प्रथिनांची गरज सर्वसाधारण प्रौढासाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम मानली जाते. नियमित कष्टाचा सराव करणाऱ्यांना १.४ ते २ ग्रॅम लागतात. मी हिशेबाला १.६ धरतो.

मागच्या हंगामातल्या एका मुलाची वही समोर ठेवतो. वजन ५८ किलो, म्हणजे गरज ५८ गुणिले १.६, साधारण ९३ ग्रॅम. दिवसभरात ज्वारीच्या चार भाकरी, म्हणजे सुमारे २४० ग्रॅम पीठ: त्यातून २४ ग्रॅम. दोन वाट्या पातळ वरण, ज्यात मिळून पन्नास ग्रॅम तुरीची डाळ: ११ ग्रॅम. शंभर ग्रॅम तांदळाचा भात: ७. शेंगदाण्याच्या चटणीतून ४, चहातल्या दुधातून ३, वांग्या-बटाट्याच्या भाजीतून ३. बेरीज ५२. म्हणजे पोट भरून जेवणाऱ्या, घरात कशाचीही टंचाई नसलेल्या त्या मुलाला रोज चाळीस ग्रॅमची तूट होती. डब्याचे विक्रेते ही तूट असते असे सांगतात, तेव्हा ते खोटे बोलत नाहीत. ती डब्यानेच भरावी लागते, एवढाच भाग खोटा.

त्याने ती तूट अशी भरली: पन्नास ग्रॅम कोरडी सोयाबीन वडी रश्शात शिजवून (२६ ग्रॅम), दोन उकडलेली अंडी (१२ ग्रॅम) आणि सरावानंतर मूठभर फुटाणे (६ ग्रॅम). चव्वेचाळीस ग्रॅम झाले. अंडी न खाणाऱ्याने त्याऐवजी अर्धा लिटरहून थोडे कमी दूध किंवा तेवढ्याच दुधाचे दही घ्यावे.

इथे थोडे विषयाच्या कडेने जातो. विदर्भात सोयाबीन क्विंटलने पिकते, बाजार समितीत जाते, आणि ते विकणाऱ्या घरातला पोरगा शहरातून प्रथिनांचा डबा मागवतो. सोयाबीन खाल्ल्याने पुरुषत्व कमी होते ही समजूत त्यामागे आहे. पण पुरुषांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर सोयाच्या नेहमीच्या प्रमाणातील सेवनाने टेस्टोस्टेरॉन घटल्याचे दिसलेले नाही. कच्चे सोयाबीन मात्र खाऊ नये, कारण त्यातील काही घटक प्रथिनांचे पचन अडवतात. नीट शिजवल्यावर किंवा भाजल्यावर ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात. पूर्व विदर्भातील वाचकांसाठी आणखी एक सूचना: लाखोळीची डाळ प्रथिनांनी भरलेली असली तरी तिच्यात मज्जातंतूंना घातक द्रव्य असते, आणि तीच दीर्घकाळ मुख्य आहार झाली तर पायांना कायमचे लुळेपण येऊ शकते. धावपटूने प्रथिनांसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये. बुरशी लागलेले, काळपट शेंगदाणेही निवडून फेकावेत.

पावडर घ्यायचीच असेल तर भावाची तुलना डब्यांमध्ये न करता प्रथिनांच्या ग्रॅममागे करावी. समजा सोयाबीन वडी १४० रुपये किलो आहे. किलोत साधारण ५२० ग्रॅम प्रथिने, म्हणजे ग्रॅमला २७ पैसे. समजा व्हे पावडरचा किलोचा डबा २,४०० रुपयांना आहे आणि त्यात प्रत्येकी चोवीस ग्रॅम प्रथिने देणारे तीस डोस निघतात. ग्रॅमला तीन रुपये तेहतीस पैसे झाले. आपल्या गावातले भाव घालून हाच हिशेब मांडावा. व्हे ही दूध फाडून पनीर काढल्यावर उरणाऱ्या पाण्यातून बनते. ती लवकर पचते, उत्तम दर्जाची असते, आणि वसतिगृहात राहणाऱ्या किंवा सरावानंतर थेट कामावर जाणाऱ्या मुलासाठी सोयीचीही असते. तिची किंमत बहुतांशी त्या सोयीची आहे.

दिवसभराची बेरीज पूर्ण होणे सर्वांत महत्त्वाचे. त्यानंतर तिची वाटणी: एका वेळी वीस ते तीस ग्रॅम, दिवसात तीन-चार वेळा. सरावानंतर अर्ध्या तासात पावडर प्यायली नाही तर सगळे वाया जाते, ही भीती निराधार आहे. दोन तासांत जेवण झाले तरी पुरते.

रक्त तपासल्याशिवाय लोहाची गोळी नको

दम लवकर लागतो, पायऱ्या चढताना धाप लागते, वेळ महिनोन्महिने हलत नाही, अशी तक्रार असेल तर पहिला खर्च हिमोग्लोबिन तपासणीचा करावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होते. मुलींचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि मोठ्या मुलांचे १३ च्या खाली असेल, तर बाजारातले कोणतेही पूरक द्रव्य त्या कमतरतेची भरपाई करणार नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहासोबत घेऊ नयेत, चहा लोहाचे शोषण रोखतो. संत्रे, लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर शोषण वाढते. तपासणीविना लोह घेणे धोक्याचे आहे, कारण जास्तीचे लोह शरीराबाहेर टाकण्याची सोय निसर्गाने फारशी केलेली नाही.

विदर्भात ही तपासणी आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर आणि मेळघाट या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या उच्चाटनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले असून त्यात तपासणी करून कार्ड दिले जाते. सिकलसेलच्या रुग्णाने लोहाची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. जो केवळ वाहक आहे, तो खेळू शकतो. पण उन्हात, पाणी कमी पडलेल्या अवस्थेत एकदम जीव तोडून धावल्यास वाहकांमध्येही स्नायूंची गंभीर इजा आणि कोसळण्याचे प्रकार घडलेले आहेत. त्याने सराव हळूहळू वाढवावा, मधे थांबावे, आणि स्नायूंत अचानक दुखणे किंवा अशक्तपणा जाणवताच त्याच क्षणी धावणे सोडावे. प्रशिक्षकाला हे कार्ड दाखवण्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

डी आणि बी-१२ या जीवनसत्त्वांनाही हाच नियम लावावा. दूधही फारसे न घेणाऱ्या शाकाहारी मुलांत बी-१२ बरेचदा कमी निघते. डी ची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एक अशी दिली जाते. ती रोज घेतल्याने रक्तातील कॅल्शियम घातक पातळीवर जाऊ शकते.

पाणी, मीठ, साखर

ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तिथे सर्वांत उपयोगी पूरक द्रव्य औषधांच्या दुकानातली ओआरएसची पुडी हे आहे. सरावाआधी आणि नंतर, घामाचे कपडे काढून, वजन करावे. समजा आधी ५८.४ आणि नंतर ५७.२ भरले, तर सव्वा लिटरच्या आसपास पाणी गेले. पुढच्या काही तासांत त्याच्या सव्वा ते दीडपट, म्हणजे दीड ते पावणेदोन लिटर, थोडे थोडे करून प्यावे. वजनात दोन टक्क्यांहून अधिक घट होऊ लागली की धाव मंदावते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. संपूर्ण पुडी एक लिटर पाण्यातच घालावी. अर्धी पुडी पेलाभर पाण्यात घालण्याची सवय चुकीची आहे. घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. खोक्यात मिळणारी गोड पेये ओआरएसच्या नावाखाली वर्षानुवर्षे विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्याची परवानगी काढून घेतली. अर्ध्या तासाच्या सकाळच्या सरावाला यातले काही लागत नाही, साधे पाणी पुरते.

ज्यांच्यामागे पुरावा आहे अशी द्रव्ये

गावातली वडीलधारी मंडळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा दाखला देतात: तिथल्या तुकडीने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या आपल्या खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, तेव्हा कुठे होते डबे? मला त्या वारशाचा अभिमान आहे, पण हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही, कारण मोजकी द्रव्ये खरोखर काम करतात.

क्रिएटिन मोनोहायड्रेट त्यांत सर्वांत जास्त अभ्यासलेले आहे. रोज ३ ते ५ ग्रॅम, कोणत्याही वेळी, पाण्यातून. आठवडाभर रोज २० ग्रॅम घेऊन साठा लवकर भरण्याची पद्धत आहे, पण घाई नसेल तर ३ ग्रॅमनेही तीन-चार आठवड्यांत साठा भरतो आणि पोट बिघडत नाही. ते कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार होते, त्यामुळे शाकाहारींना अडचण नाही. उलट मांस न खाणाऱ्यांच्या स्नायूंतील साठा मुळात कमी असल्याने त्यांना फरक अधिक जाणवतो. गोळाफेक, १०० मीटर, कुस्ती, कबड्डी यांना ते उपयोगी आहे. अडचण अशी की स्नायूंत पाणी धरले जाऊन एक-दोन किलो वजन वाढते, आणि ते वजन १६०० मीटरच्या चारही फेऱ्यांत सोबत न्यावे लागते. माझे मत असे: गोळ्यात गुण कमी पडत असतील तर चाचणीच्या दोन-अडीच महिने आधी ३ ग्रॅमने सुरुवात करावी, दर आठवड्याला १६०० ची वेळ वहीत लिहावी, आणि ती बिघडू लागली तर सोडून द्यावे. वजनगटात खेळणाऱ्यांनीही हे वाढीव वजन आधीच हिशेबात धरावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते घेऊ नये. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (ज्यावरून मूत्रपिंडाचे काम जोखतात) थोडे वाढलेले दिसू शकते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगावे.

कॅफीन धावेला मदत करते. अभ्यासांत वजनाच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम, धावेच्या तासभर आधी, असे प्रमाण वापरले जाते. सवय नसलेल्याने १०० मिलिग्रॅमपासूनच सुरुवात करावी. दोन ग्रॅम झटपट कॉफीत साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन असते, कपभर चहात तीस ते पन्नास. कॅफीनची सुटी पावडर कधीही विकत घेऊ नये, चमचाभर चुकीने जीव जाऊ शकतो. शरीरातून निम्मे कॅफीन जायला सुमारे पाच तास लागतात, तेव्हा संध्याकाळच्या सरावाआधी घेतलेली कॉफी रात्रीची झोप खाते. आणि शरीर पूर्ववत होण्यासाठी झोपेपेक्षा मोठे पूरक द्रव्य नाही.

बीटचा रस हा तिसरा. त्यातील नायट्रेटमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि त्याच वेगाला ऑक्सिजन थोडा कमी लागतो. धावेच्या दोन-तीन तास आधी दोन-तीन मध्यम बीटांचा रस घ्यावा. फायदा लहान असतो. लघवी लाल झाली तर घाबरू नये, आणि त्या दिवशी जंतुनाशक द्रवाने गुळण्या करू नयेत, कारण नायट्रेटचे रूपांतर तोंडातले जीवाणूच करतात. बीटा-अ‍ॅलानिन एक ते चार मिनिटांच्या जोरकस कष्टांना मदत करते, पण ते रोज ३.२ ग्रॅम किंवा अधिक, किमान चार आठवडे घ्यावे लागते. अंगाला मुंग्या येतात, त्या निरुपद्रवी असतात.

खाण्याच्या सोड्याबद्दल स्वतःचाच अनुभव सांगतो. सोडा रक्तातली आम्लता रोखतो आणि १६०० सारख्या धावेला मदत करू शकतो, हे खरे आहे. मी कॉलेजात असताना कोठेतरी हे वाचून जिल्हा स्पर्धेच्या सकाळी तीन चमचे सोडा पाण्यातून प्यायलो. माझ्या धावेचा पुकारा झाला, तेव्हा मी मैदानाच्या कुंपणापलीकडे तुरीच्या शेतात बसलेलो होतो. पुढे हिशेब केला तेव्हा कळले की ५८ किलोच्या माणसाला सांगितला जाणारा डोस सतरा ग्रॅमचा, म्हणजे साडेचार ग्रॅमहून अधिक सोडियमचा होतो, जेव्हा दिवसभराची शिफारस केलेली मर्यादा दोन ग्रॅम आहे. रक्तदाब असलेल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, आणि इतरांनाही मी तो सुचवत नाही.

वर सांगितलेले क्रिएटिन, कॅफीन व बीटा-अ‍ॅलानिन अठरा वर्षांखालील मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

ज्यावर पैसे घालू नयेत

बीसीएए आणि ग्लुटामिन (प्रथिनांचेच सुटे घटक): प्रथिनांची बेरीज पूर्ण असेल तर निरुपयोगी. वजन वाढवणारे ‘गेनर’: बहुतांशी साखर आणि पिठूळ पदार्थ, गूळ-शेंगदाणे आणि केळी तेच काम करतात. शिलाजीत शुद्ध केलेले नसेल तर त्यात जड धातू असू शकतात. अश्वगंधेचा थोडा फायदा काही अभ्यासांत दिसतो, परंतु यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. जवस खावे, चटणी उत्तम लागते. मात्र त्यातल्या ओमेगा-३ चे माशांतल्या प्रकारात रूपांतर फार थोडे होते. सी आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या डोसच्या गोळ्या सरावाने शरीरात होणारी सुधारणाच बोथट करू शकतात. अंग दुखते म्हणून रोज वेदनाशामक गोळी घेऊन उन्हात धावणे हा यांतला सर्वांत वाईट प्रकार. पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर घाव घालते.

डबा वाचणे

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात बाजारातल्या ३६ प्रथिन पावडरी तपासल्या गेल्या. त्यांपैकी जवळपास ७० टक्के पावडरींच्या लेबलवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली आणि काहींत बुरशीचे विष व कीटकनाशकांचे अंश सापडले. म्हणून डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आहे का ते पाहावे आणि तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकून उत्पादकाचे नाव जुळते का हे तपासावे. घटकांच्या यादीत ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ म्हणून एकत्रित आकडा दिला असेल आणि प्रत्येक घटकाचे प्रमाण दिलेले नसेल, तर तो डबा परत ठेवावा. सुटी, पिशवीत भरून दिलेली पावडर घेऊ नये. बिल घ्यावे.

राज्य वा राष्ट्रीय स्पर्धा खेळणाऱ्यांना आणखी काळजी हवी. उत्तेजकविरोधी नियमांत शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी सर्वस्वी खेळाडूची असते. दुकानदाराने फसवले, हे सांगून सुटका होत नाही. दिल्लीतील २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी अनेक भारतीय खेळाडू मिथाइलहेक्सानामिन या द्रव्यासाठी दोषी आढळले, जे तेव्हा पूरक पावडरींत सर्रास असे. त्यामुळे स्वतंत्र प्रयोगशाळेत बॅचनिहाय तपासलेले उत्पादनच घ्यावे, डब्यावरील बॅच क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा, आणि थोडी पावडर शिल्लक असलेला डबा स्पर्धा संपेपर्यंत जपून ठेवावा.

“एक इंजेक्शन घे, पाय हलके होतील,” असे सांगणारा माणूस मैदानाजवळ भेटतोच. ते बहुधा मेफेन्टरमिन असते. भूल दिल्यावर रक्तदाब कोसळला तर तो वर आणण्यासाठी रुग्णालयात डॉक्टर ते वापरतात. निरोगी माणसात ते रक्तदाब आणि हृदयाचे ठोके बेफाम वाढवते, आणि त्याचे व्यसनही लागते. महाराष्ट्रात त्याच्या बेकायदा विक्रीवर अनेक छापे पडले आहेत. अशा माणसाशी बोलणेही टाळावे, आणि लहान मुले त्याच्या नादी लागत असतील तर पोलिसांत कळवावे.

चाचणीचा दिवस

सरावात किमान तीनदा करून न पाहिलेली कोणतीही गोष्ट त्या दिवशी पोटात जाता कामा नये. आदल्या रात्री नेहमीचे वरण-भात, भाकर, कमी तिखट. सकाळी धावेच्या अडीच-तीन तास आधी पोहे किंवा दोन केळी आणि पाणी. कॉफीची सवय केली असेल तर तासभर आधी. मैदानावर क्रमांक लागायला कधी कधी दुपार होते, तेव्हा पिशवीत लिटरभर पाणी, एक ओआरएस पुडी, फुटाणे, गूळ आणि दोन केळी ठेवावीत. धाव झाल्यावर गोळ्याची पाळी येईपर्यंत सावलीत बसून त्यातले थोडे थोडे खावे.